इंग्रजीतील स्वस्ताई

आमचे एक स्नेही काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी लंडनला गेले होते. ज्या घरी त्यांनी खोली घेतली होती, तेथील वृद्ध बाईंनी बाजारातून कापडाचे उरलेसुरले तुकडे आणून खिडक्यांचे पडदे स्वतःच्या हाताने शिवले आणि मोठ्या कौतुकाने यांना दाखविले. पडदे खरोखरच चांगले झाले होते. कापड किती थोडक्या पैशांत पडले हेही बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. आमच्या स्नेह्यांना दोन्ही गोष्टींची एकदमच वाखाणणी करावयाची होती. ते म्हणाले, ‘दे लुक व्हेरी चीप!’ बाईंचा चेहरा उतरला आणि त्या दिवशीचा चहा मुकाट्याने झाला. स्नेह्यांचे आजही म्हणणे असे की, चीप म्हणजे स्वस्त हेच आम्हांला शाळेत शिकविले, कोशातही तेच सापडते. मग आमचे चुकले कोठे?

चुकले ते एका क्रियापदात. ‘इट वॉज चीप’ म्हटले की वस्तूला पैसे थोडे पडले एवढाच अर्थ निघतो. ‘इट लुक्स चीप’ म्हटले की वस्तू दिसावयासच हलकी आहे असा होतो. किंमत काही डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसते ते सूत, वीण आणि रंग. म्हणून डोळ्यांच्या साक्षीने एखादी वस्तू चीप ठरली की तो तिच्या जातीवर शेरा होतो. परंतु एवढ्याने खुलासा पुरा होत नाही. किंमत कमी असणे आणि जात हलकी असणे या दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात शिरल्या कशा, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

जुन्या इंग्रजीत ‘चीप’ हे विशेषण नव्हतेच. ते नाम होते, आणि त्याचा अर्थ होता देवघेव, व्यापार, बाजार. लॅटिनमध्ये खाणावळवाल्याला, किरकोळ दुकानदाराला ‘काउपो’ म्हणत; त्यावरून हा शब्द फार पूर्वी जर्मन कुळातील भाषांत शिरला. जर्मनमधील ‘काउफेन’ म्हणजे विकत घेणे हे त्याचेच भावंड. डेन्मार्कच्या कोपनहेगन या राजधानीच्या नावाचा अर्थ व्यापाऱ्यांचे बंदर असा, त्यातही हाच शब्द दडलेला आहे. लंडनमध्ये ‘चीपसाइड’ नावाचा जुना रस्ता आहे. नवख्याला वाटते, येथे स्वस्त माल मिळत असावा. वस्तुतः ती मध्ययुगीन लंडनची मुख्य बाजारपेठ. तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांची नावे ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट अशी आहेत, म्हणजे आपल्याकडील तेल्या-तांबोळ्यांच्या आळ्यांसारखाच हा प्रकार. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डन या गावांतले ‘चिपिंग’ म्हणजेही बाजारच.

मग स्वस्त वस्तूला काय म्हणत? ‘गुड चीप’, म्हणजे चांगला सौदा. फ्रेंच माणूस आजही स्वस्ताला ‘बाँ मार्शे’, म्हणजे ‘चांगला बाजार’ म्हणतो, आणि डच माणूस ‘खूडकोप’, म्हणजे ‘चांगली खरेदी’. इंग्रजांनी मात्र सोळाव्या शतकाच्या सुमारास पुढचा ‘गुड’ टाकून दिला आणि नुसता ‘चीप’ विशेषण म्हणून वापरावयास आरंभ केला. चांगुलपणा सांगणारा शब्द गळाला, उरला तो नुसता बाजार! जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. फेरीवाल्या व्यापाऱ्याला ‘चॅपमन’ म्हणत. त्याचे तोकडे रूप ‘चॅप’. प्रथम त्याचा अर्थ गिऱ्हाईक असा झाला आणि पुढे कोणीही माणूस. आपणही एखाद्या वल्लीला ‘भलतेच गिऱ्हाईक दिसते आहे’ असे म्हणतोच की.

शब्द असे घसरतात हा काही इंग्रजीचाच दोष नव्हे. आपला ‘सवंग’ हा शब्द पाहा. संस्कृत ‘समर्घ’ म्हणजे स्वस्त, त्यावरून तो आला, आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ साधा स्वस्त एवढाच होता. सवंगाई म्हणजे स्वस्ताई. गुजरातीत ‘सोंघुं’ हा त्याचा भाऊ आजही भाजीच्या बाजारात निर्वेधपणे वावरतो. आपल्याकडे मात्र सवंग म्हटले की लोकप्रियता किंवा विनोद आठवतो आणि नाक मुरडते. कोथिंबीर सवंग झाली असे आता कोणी म्हणत नाही.

तथापि इंग्रजीतील घसरणीला एक इतिहास आहे, आणि तो नुसता शब्दांचा नाही. यॉर्कशरमधील बॅटली या गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थाने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचा तंतू नव्या लोकरीत मिसळला व त्याचे पुन्हा सूत काढले. या मालाला ‘शॉडी’ म्हणत. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्राला कामगारांनी ‘डेव्हिल’, म्हणजे सैतान, असे नाव दिले होते. युरोपभरच्या चिंध्या बॅटली आणि ड्यूसबरीकडे येऊ लागल्या, गिरण्या उभ्या राहिल्या, आणि ज्याला नव्या लोकरीचा कोट कधीच परवडला नसता त्याच्या अंगावर उबदार कापड आले. तोवर शॉडी या शब्दात काही हीन नव्हते. ते एका मालाचे नाव होते. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. घाईघाईने फौज उभी करताना ठेकेदारांनी अशाच कापडाचे, आणि तेही निकृष्ट प्रतीचे, गणवेश शिवून दिले. पावसापाण्यात ते अंगावरच विरले. सैनिक उघडे पडले, ठेकेदार गबर झाले, आणि तेव्हापासून शॉडी म्हणजे वरून बरे आणि आतून भुसभुशीत असे काहीही: काम, घर, युक्तिवादसुद्धा. आमच्या वाचकांना पानिपत म्हटले की १७६१ आठवते. परंतु आज तेच गाव जुन्या कपड्यांपासून सूत काढण्याच्या धंद्याचे मोठे केंद्र आहे आणि तेथील व्यापारी या सुताला शॉडी असेच म्हणतात, अगदी सरळपणे. पुरात किंवा भूकंपात वाटल्या जाणाऱ्या घोंगड्यांपैकी पुष्कळ तेथूनच येतात. ज्या शब्दाची लंडनमध्ये शिवी झाली, तो पानिपतात अजून पोटाला घालतो आहे.

स्वस्त कापड शिवणाऱ्यांची कथा याहून वाईट. १८४९ साली हेन्री मेह्यू याने लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्रात शहरातील कष्टकऱ्यांच्या हालअपेष्टांवर पत्रे लिहिली. त्यांत शिंप्यांचे वर्णन आले. ठेकेदार मधल्या माणसाला काम देई, तो नगावर मजुरी ठरवून कोंदट खोल्यांत माणसे बसवी, आणि प्रत्येक टप्प्यावर मजुरीचा लचका तुटे. या मधल्या माणसाला ‘स्वेटर’, म्हणजे घाम काढणारा, असे नाव होते. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स किंग्जली या पाद्र्याने टोपणनावाने एक पुस्तिका काढली. तिच्या नावातच स्वस्त कपडे आणि ओंगळपणा यांची जोडी लावलेली होती. त्याचे एक म्हणणे गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा आणणारे होते. शिंप्याच्या खोलीत तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण नसले की शिवावयास आलेला कोटच घालतात, आणि तोच कोट मग दुकानात टांगला जातो! ‘चीप अँड नॅस्टी’ ही जोडगोळी इंग्रजीत रूढ आहे ती अशा पार्श्वभूमीवर. चीप हा शब्द पुस्तकातल्या व्याकरणाने बिघडला नाही. वस्तू स्वस्त झाली तेव्हा ती कशातून कापून स्वस्त झाली, हे लोकांना दिसले म्हणून तो बिघडला.

दुकानदाराची मात्र पंचाईत झाली. माल तर कमी दरातच विकावयाचा, आणि चीप म्हणण्याची चोरी. मग नवे सभ्य शब्द आले. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे महाग नव्हे ते. आपण ‘बरे आहे’ऐवजी ‘वाईट नाही’ म्हणतो, तसा हा उलट्या हाताचा घास. ‘रीझनेबल’ म्हणजे विवेकाला पटेल असा दर. आपले ‘वाजवी’, ‘रास्त’, ‘माफक’ हे शब्द याच जातीचे आहेत आणि मुळात तेही योग्यता सांगतात, कमीपणा नव्हे. शिधापत्रिकेच्या दुकानाला मराठीत स्वस्त धान्य दुकान आणि रास्त भाव दुकान ही दोन्ही नावे चालतात. इंग्रजीत मात्र ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. परंतु सभ्य शब्दालाही फार काळ थारा मिळत नाही. जर्मनमधील ‘बिलिश’ या शब्दाचा मूळ अर्थ न्याय्य, वाजवी. वाजवीचा झाला स्वस्त, आणि स्वस्ताचा झाला भिकार. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन माल पाहून त्यांच्याच रूलो नावाच्या यंत्रशास्त्रज्ञाने तो ‘बिलिश’ आणि वाईट असल्याचा शेरा मारला, तो देशभर झोंबला. आता तेथील दुकानदार ‘प्राइसवेर्ट’, म्हणजे किमतीच्या तोलाचे, असे म्हणणे पसंत करतात.

आगगाडीच्या डब्यांचेही असेच झाले. ब्रिटनमध्ये १९५६ साली तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणू लागले. १९८७ साली दुसऱ्याचे नाव ‘स्टँडर्ड’ झाले. आपल्याकडे १९७४ साली तिसरा वर्ग नावापुरता गेला. बाके कोठे लगेच मऊ झाली? तेथे ‘चीप डे रिटर्न’ नावाचे एका दिवसाचे परतीचे तिकीट मिळे. त्या नावातला चीप अगदी निरुपद्रवी होता, पण २००८ साली तोही काढून ‘ऑफ पीक’ हे नाव आले, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरचे. स्वस्ताईचा उल्लेखच नको!

या सर्वांत आम्हांला आवडते ते एका इंग्रजी न येणाऱ्या माणसाचे इंग्रजी. मायकेल मार्क्स हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू फेरीवाला. त्याने १८८४ साली लीड्सच्या बाजारात गाळा मांडला तेव्हा त्याला इंग्रजी बेताचेच येत होते. त्याने घासाघीस टाळण्यासाठी सरळ फलक लावला की, किंमत विचारू नका, एक पेनी आहे. त्यात चीप नाही, रीझनेबल नाही, विशेषणच नाही. आपल्याकडे ‘हरएक माल’वाल्याची हातगाडी याच तत्त्वावर चालते.

ज्यांना इंग्रजीत पत्र लिहावे लागते किंवा बोलावे लागते, त्यांच्यासाठी काही भेद सांगितले पाहिजेत. वस्तू चीप असते, किंमत ‘लो’ असते. ‘चीप प्राइस’ हे जाणत्यांच्या कानाला खटकते. मराठीतही वस्तू स्वस्त आणि भाव कमी असाच संकेत आहे, तेव्हा तो लक्षात ठेवणे जड जाऊ नये. आपले कवडीमोल, मातीमोल, तसे त्यांचे ‘डर्ट चीप’. मातीची उपमा दोघांनाही सुचली. अमेरिकन माणूस फार स्वस्त मिळालेल्या वस्तूला ‘स्टील’, म्हणजे चोरीच, म्हणतो. ‘बार्गेन’ हा मुळात घासाघिशीचा शब्द. दुसऱ्याने केलेल्या खरेदीला तो लावला तर त्यात तिच्या चतुराईची स्तुती होते. ‘गुड बाय’ आणि ‘गुड व्हॅल्यू’ हे सर्वांत निर्धोक, कारण त्यांत किंमत आणि जात दोन्ही तोलली जातात. आपला ‘पैसा वसूल’ हा इंग्रजांच्या ‘व्हॅल्यू फॉर मनी’च्या जवळ जातो, पण त्यात गिऱ्हाइकाचा विजयानंद अधिक आहे. आणि माणसाला चीप कधीही म्हणू नये. अमेरिकेत त्याचा अर्थ चिकट, कवडीचुंबक असा होतो, आणि इतरत्र काही वेळा याहून वाईट. काटकसरी माणसाला ‘थ्रिफ्टी’ म्हणावे. हा शब्द भरभराट होणे या अर्थाच्या ‘थ्राइव्ह’ या क्रियापदावरून आला आहे, म्हणून त्यात आदर आहे.

उलट बाजूला ‘डिअर’ हा शब्द आहे. तो महागही आणि लाडकाही. त्यावरूनच ‘डर्थ’, म्हणजे टंचाई, दुष्काळ. धान्य महाग झाले की लोक मरत, त्या काळची ती खूण. आपल्या ‘भाव’ शब्दातही बाजार आणि अंतःकरण एकत्र नांदतात, पण आपण भाव चढला म्हणतो तेव्हा माणसाविषयी फारसे चांगले बोलत नसतो.

आमच्या स्नेह्यांनी पुढे त्या बाईंची क्षमा मागितली. बाई हसून म्हणाल्या की, हे पडदे मला किती पडले हे शेजारणींना सांगू नका म्हणजे झाले. स्नेह्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही.