दोन रकान्यांची वही

1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या मध्यप्रदेशाचे आठ वऱ्हाडी-नागपुरी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी हरपली, आणि उरलेल्या मुलखास मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ ही राज्ये जोडून जो नवा मध्यप्रदेश उभा राहिला त्याचे दप्तर भोपाळास आले. त्या दप्तरामागोमाग पेट्या, सतरंज्या, देव्हारे आणि कच्चीबच्ची घेऊन नागपूरची जी कारकून मंडळी या तलावांच्या गावी उतरली, त्यांत माझे वडील होते. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आम्हांस सरकारी वसाहतीत दोन खोल्यांचे घर मिळाले, आणि ती वसाहत ज्या येवल्याच्या रामचंद्र पांडुरंगाच्या नावाने ओळखली जाई, त्या तात्या टोप्यांचे नाव टांगेवाल्यांच्या तोंडी लवकरच ‘टी. टी. नगर’ इतके आखूड झाले, की आत कोणी मराठी माणूस दडला आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये.

वडिलांनी पहिल्याच महिन्यात एक लांबट वही आखली. जुन्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना 1950 च्या कायद्याने राजभाषेचा दर्जा होता. प्रत्यक्ष कारभारात इंग्रजीचाच अंमल चाले ही गोष्ट वेगळी. नव्या राज्यात 1957 च्या राजभाषा अधिनियमाने एकटी हिंदी उरली, तेव्हा मराठी टिपणीत हयात घालवू पाहणाऱ्या माणसास शब्दांची नवी बेगमी करणे प्राप्त होते. डाव्या रकान्यात नागपूरचा शब्द, उजव्या रकान्यात भोपाळचा : रजा, छुट्टी, बदली, तबादला, पगार, तनख्वाह, पावती, रसीद. जिथे दोन्हीकडे एकच शब्द निघे तिथे ते कारकुनी शिरस्त्याप्रमाणे ‘सदर’ असे लिहीत, आणि पहिल्या पाचपन्नास पानांत ‘सदर’ इतक्या वेळा आले आहे, की कोणास वाटावे, ही वही धरलीच कशाला? दप्तर, हुकूम, तहसील, वसूल, जामीन, दाखल, हजर : पेशव्यांच्या फडावर आणि भोपाळच्या नवाबांच्या दरबारात फार्सीने एकच शाई पुरवली होती.

परंतु फसगत होते ती नेमकी सारख्या शब्दांनी. मी शाळेच्या वाटेवर ‘जिला शिक्षा अधिकारी’ अशी पाटी वाचली आणि जिल्ह्यातील मुलांना छड्या मारण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र अंमलदार नेमला आहे अशा समजुतीने आठवडाभर रस्ता बदलून जात होतो. ‘संसार’ म्हणजे इकडे सगळे जग, आमच्याकडे दोन खोल्या आणि एक स्टोव्ह; ‘चेष्टा’ म्हणजे इकडे प्रयत्न, आमच्याकडे थट्टा.

भाषांची अशी शेजारी मांडणी करण्याचा नाद मला त्या वहीने लावला, आणि पुढे तो फार दूरच्या मुलखांत घेऊन गेला. त्याला निमित्तही भोपाळनेच दिले. 1982 च्या फेब्रुवारीत मोठ्या तलावाच्या काठी चार्ल्स कोरियांच्या आराखड्याचे भारत भवन उघडले, आणि त्याच सुमारास निराला सृजनपीठावर निर्मल वर्मा येऊन राहिले होते. त्यांनी साठाच्या दशकाचा बराच काळ प्रागमध्ये घालवला होता आणि चेक कथा-नाटके इंग्रजीच्या कुबड्यांवाचून थेट हिंदीत आणली होती. त्या अनुवादांच्या मागोमाग मी चेक भाषेचा इतिहास वाचला. आणि पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतरच्या मोकळ्या दुपारी, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसियन भाषेचा.

व्याकरणाच्या अंगाने या दोघींचे फारसे गोत्र जुळत नाही. एक लॅटिनची नात, पोर्तुगीजची सख्खी बहीण; दुसरी स्लाव कुळातली. चेक भाषेत सात विभक्ती आणि तीन लिंगे आहेत. गॅलिसियन नामाला विभक्तीचे प्रत्यय नाहीत आणि लिंगे दोनच. जुळते ते त्यांचे दैव, आणि तेही अर्ध्या वाटेपर्यंत. दोघींना थोरवीचा काळ लाभला होता : तेराव्या शतकात कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो स्वतःच्या दरबारी भाषेत नव्हे, तर गॅलिसियन-पोर्तुगीजमध्ये मेरीची स्तोत्रे रचवून घेत होता, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चेक भाषेत क्रालित्सेचे बायबल छापले गेले. मग दोघींवर ग्रहण आले. मिन्यो नदीच्या दक्षिणेस पोर्तुगाल स्वतंत्र राहिल्याने तिकडची बोली साम्राज्याची भाषा झाली आणि उत्तरेकडची तीच बोली कॅस्टिलियनच्या छायेत शेतावर व चुलीपाशी उरली. इकडे 1620 च्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चेक सरदारांचा मोड झाला आणि दरबार, विद्यापीठ व व्यापार हळूहळू जर्मनच्या हाती गेले. एकोणिसाव्या शतकात दोघी पुन्हा उठल्या.

येथपर्यंत कथा एक. पुढे मात्र चेक भाषा राष्ट्राची भाषा झाली, आणि गॅलिसियनला 1981 च्या स्वायत्ततेच्या सनदेने सहराजभाषेचे आसन मिळूनही तिच्या शहरांतील मुले स्पॅनिश बोलत मोठी होत आहेत. असे का व्हावे? राजकीय कारणे आहेतच, आणि फ्रँकोच्या चाळीस वर्षांचा हिशेब त्यांत मोठा आहे. तथापि मला दिसणारे कारण शेजारणीचे आहे. चेक माणसाच्या शेजारी जर्मन होती. तिचा शब्द चेक वाक्यात शिरला तर तो पाहुण्यासारखा ओळखू येई, आणि म्हणून त्याला दारातून परत पाठवणे शक्य होते. योसेफ युंगमान याने 1839 मध्ये पुरा केलेला पाच खंडांचा चेक-जर्मन कोश हे त्याच पारखीचे काम. जिथे घरचा शब्द सापडला नाही तिथे त्याने पोलिश-रशियनकडून उसना आणला. आजही चेक पंचांगात नोव्हेंबरचे नाव ‘लिस्तोपाद’, म्हणजे चक्क पानगळ, असे आहे. आपल्याकडे शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले त्यामागेही हीच पारख होती, आणि सावरकरांच्या भाषाशुद्धीमागेही. (भोपाळच्या महानगरपालिकेचा प्रमुख ‘महापौर’ म्हणवतो, तो शब्द रुळवणाऱ्याची मातृभाषा कोणती, हे तेथे क्वचितच कोणास ठाऊक असेल.)

गॅलिसियनच्या शेजारी मात्र बहीण होती. दार म्हणजे एकीकडे ‘पोर्ता’, दुसरीकडे ‘पुएर्ता’. रात्र म्हणजे ‘नोइते’ आणि ‘नोचे’. सकाळची न्याहारी ती गॅलिसियनमध्ये ‘आल्मोर्थो’, आणि स्पॅनिशमध्ये ‘आल्मुएर्थो’ म्हणजे दुपारचे जेवण. आमच्या ‘शिक्षे’ची ही सख्खी मावसबहीण वाचून मी मोठ्याने हसलो होतो. अशा शेजारात शब्द चोरपावलांनी येत नाहीत, ते उजळ माथ्याने घरचेच म्हणून येतात, आणि कोणता केव्हा आला याची नोंद कोणी ठेवत नाही. 1863 साली रोझालिया दे कास्त्रोने आपली गाणी गॅलिसियनमध्ये छापली तेव्हा तिच्यासमोर ना प्रमाण व्याकरण होते ना कोश. आणि पुढे व्याकरण-कोश झाल्यावरही, लेखन स्पॅनिश वळणाचे असावे की पोर्तुगीज वळणाचे, यावर तेथील विद्वानांचे एकमत झालेले नाही. तंजावरच्या मराठ्यांनी तमिळच्या गराड्यात तीन शतके घरची मराठी, वेडीवाकडी का होईना, जपली. भोपाळात आम्हांस तीन पिढ्या पुरल्या.

प्रथम गेले ते नपुंसकलिंग. माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून दहाव्या वर्षी ‘माझा घर’ हे शब्द निघाले तेव्हा आईने पोळी तव्यावर टाकून तिच्याकडे वळून पाहिले होते. माझ्या मुलाने ‘पुस्तक वाचली’ म्हटले तेव्हा कोणी वळून पाहिले नाही. एवढे खरे, की देवघेव अगदीच एकतर्फी झाली नाही. जुन्या शहरातील ‘को खां’ म्हणून हाक मारणारा मित्र ‘चलो, अपन चलते हैं’ म्हणे, तेव्हा त्या ‘अपन’मध्ये मला आमचे ‘आपण’ ऐकू येई, आणि व्युत्पत्ती काहीही निघो, मी ते आमचेच मानून घेतले आहे.

शिवाय ज्याला आम्ही गळती म्हणतो ती दुसऱ्या घरातून पाहिल्यास आवक असते. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, गीतारहस्य आणि दासबोध हिंदीत नेले. भोपाळातील समृद्ध वृत्तपत्र-संग्रहालय आज त्यांचेच नाव धारण करून आहे. मुक्तिबोध बंधूंचे तर एका घरातच दोन रकाने झाले : गजानन माधव हिंदीचे, शरच्चंद्र मराठीचे. 1964 मध्ये गजानन माधव येथील हमीदिया रुग्णालयात पडून होते आणि पुढे दिल्लीस नेल्यावर सप्टेंबरात वारले, त्या उन्हाळ्यात वडील कचेरीतून येऊन दबक्या आवाजात सांगत, ‘आपल्यातला माणूस आहे’. त्यांची एकही कविता वडिलांनी वाचलेली नव्हती.

भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘खजीनतुल लुगात’ नावाचा सहा भाषांचा कोश सिद्ध केला होता. उर्दू, फार्सी, अरबी, संस्कृत, इंग्रजी आणि तुर्की अशा सहा भाषा त्यात आहेत. या गावी शब्दांचे रकाने आखणारे वडील पहिले नव्हते, एवढेच त्यावरून ध्यानी येते. बेगमांपाशी मौलवी-पंडितांचा ताफा होता, वडिलांपाशी एक टाक आणि रविवारची दुपार.

ती वही मी हल्ली पुन्हा काढली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, अक्षर मात्र शेवटपर्यंत ठाशीव आहे. मधल्या पानांवर ‘सदर’ विरळ होत जाते. साठाच्या दशकाच्या मध्यास, म्हणजे सचिवालय वल्लभ भवनात गेले त्या सुमारास, उजव्या रकान्यात तबादल्याच्या जागी ‘स्थानांतरण’ आणि छुट्टीच्या जागी ‘अवकाश’ आले आहे. अखेरच्या सहा-सात पानांवर उजवीकडे ‘अग्रेषित’, ‘पृष्ठांकन’, ‘यथास्थिति’, ‘अनुस्मारक’ असे शब्द एकाखाली एक नेटके उतरवलेले आहेत, त्यांच्यासमोर तांबड्या शाईची उभी रेघ आहे, आणि रेघेच्या डावीकडे काही लिहिलेले नाही.