मुलांच्या संघाचा शिक्षक

पायांत बळ आहे तोवरच खेळाडूची कीर्ती, असा लोकव्यवहाराचा कठोर नियम आहे. परंतु स्वतःची कारकीर्द अकाली संपुष्टात आल्यावरही ज्यांनी आपली विद्या पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली आणि त्यायोगे एका राष्ट्राच्या फुटबॉलला वळण लावले, अशा पुरुषांत अर्जेंटिनाच्या होसे पेकरमन यांची गणना अग्रक्रमाने करावी लागेल.

1949 साली एंत्रे रिओस प्रांतात जन्मलेले पेकरमन हे ब्वेनोस आइरेसच्या अर्जेंटिनोस ज्युनियर्स क्लबचे मधल्या फळीतील खेळाडू. तेथून ते कोलंबियातील मेदेयिनच्या संघात गेले. पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे वयाच्या 28 व्या वर्षीच त्यांना खेळाला रामराम ठोकावा लागला. पदरी संसार होता, म्हणून निर्वाहासाठी ब्वेनोस आइरेसच्या रस्त्यांवर टॅक्सी चालवण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. पुढे चाकारिता ज्युनियर्स, त्यानंतर आपला जुना क्लब आणि शेवटी चिलीतील कोलो-कोलो अशा ठिकाणी मुलांना शिकवण्याचे, वर्तमानपत्रांच्या खिजगणतीत नसलेले काम त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले.

1991 च्या युवा विश्वचषकातील गैरवर्तनाबद्दल फिफाने अर्जेंटिनाच्या युवा संघावर बंदी घातली होती. सबब 1993 ची स्पर्धा त्याला खेळताच आली नाही. अशा इभ्रत गमावलेल्या संघाची जबाबदारी 1994 साली, नामांकित उमेदवारांना बाजूस सारून, या अप्रसिद्ध शिक्षकाकडे सोपवण्यात आली. हा हुद्दा दिसतो त्याहून अवघड. वयाच्या अटीमुळे दर दोन वर्षांनी संघ जवळजवळ रिता होतो आणि घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. मुलांची शरीरे पुरती भरलेली नसतात. आणि आज उंचीच्या व ताकदीच्या जोरावर जिंकून देणारा मुलगा उद्या मागे पडण्याचा संभव असतो. म्हणून तात्कालिक विजयाचा मोह आवरून चेंडूवरचे प्रभुत्व, खेळाची समज आणि वर्तन यांना प्राधान्य देणे, हीच येथे खरी परीक्षा.

ती पेकरमन यांनी कशी दिली, याचा दाखला इतिहासात आहे. 1995 मध्ये कतारमध्ये ब्राझीलला, 1997 मध्ये मलेशियात उरुग्वेला आणि 2001 मध्ये मायदेशी घानाला अंतिम सामन्यात नमवून त्यांच्या मुलांनी तीनदा जगज्जेतेपद मिळवले. रिकेल्मे, ऐमार, कांबियासो, साविओला ही नावे याच शाळेतली. त्याहूनही मोलाची गोष्ट ही, की ज्या संघाला गैरवर्तनासाठी शासन झाले होते, त्यालाच 1997 आणि 2001 मध्ये सभ्य खेळाचे पारितोषिक लाभले.

1998 साली राष्ट्रीय संघाची सूत्रे देऊ केली गेली असता त्यांनी ती नाकारून मार्सेलो बिएल्सा यांची शिफारस केली. 2004 मध्ये मात्र त्यांनी ती स्वीकारली. 2006 च्या विश्वचषकात सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध चोवीस पासांच्या मालिकेतून कांबियासोने केलेला गोल अद्यापि रसिकांच्या स्मरणात आहे. पण उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून पेनल्टींवर पराभव झाला, तरुण मेस्सीला त्या दिवशी मैदानात न उतरवल्याबद्दल टीकेचा भडिमार झाला, आणि पेकरमन यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांनी कोलंबियाला 2014 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले.

2022 साली अर्जेंटिना जगज्जेता झाला, तेव्हा प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी आणि त्यांच्या साहाय्यकांत होते पाब्लो ऐमार व वॉल्टर सॅम्युअल. हे तिघेही 1997 च्या त्या मलेशियातील संघातले. त्यांतील ऐमार यांनी तर गुरूप्रमाणेच आधी 17 वर्षांखालील मुलांचा संघ सांभाळला होता. युवा प्रशिक्षकाच्या कामाचा हिशेब चषकांच्या संख्येवर मांडणाऱ्या संघटनांनी आणि हंगाम संपताच त्याला निरोप देणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. मुलांना घडवणाऱ्याला दीर्घ मुदत आणि पूर्ण विश्वास द्यावा लागतो. कारण त्याच्या परिश्रमांचे सर्वांत मोठे फळ त्याच्या कारकिर्दीत नव्हे, तर त्याच्या शिष्यांच्या कारकिर्दीत पदरी पडते.