दोन नेट असूनही मुलाखत का तुटली?

भवानी पेठेतून बोलतोय. मागे खटखट ऐकू येतेय ती यंत्रमागांची, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात बहिणीची ऑनलाइन मुलाखत ऐन रंगात आली आणि नेट गेलं. गल्लीत खोदताना फायबर तुटली होती. राउटरला फोर-जीचं दुसरं कनेक्शन जोडलेलं होतं, तरी तो तिकडे वळलाच नाही. का? कारण फायबर मोडेमच्या अलीकडेपर्यंत मेली होती, पण मोडेम ते राउटर वायर शाबूत. राउटरला वाटलं, सगळं आलबेल!

म्हणून राउटरला नुसती वायर नाही, पलीकडचं नेट तपासायला लावायचं. मी ओपनडब्ल्यूआरटीवर एमवॅन३ टाकलं. मेट्रिक फायबरला १०, फोर-जीला २०. लहान आकड्याचा मान पहिला. प्रत्येक लाइनमधून दर ५ सेकंदांनी ८.८.८.८ आणि १.१.१.१ ला पिंग. दोन्ही सलग ३ वेळा गप्प, की रस्ता बदल. पत्ते दोन, कारण एकच बंद पडला तर उगाच उडी नको.

लाइन बदलली की बाहेरचा आयपी बदलतो, त्यामुळे चालू कॉल थोडा अडखळतोच. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर तो बॅकअप नव्हे. आणि मोडेम-राउटर यूपीएसवर ठेवा.

चाचणी घेताना राउटरची वायर नको, मोडेममधली फायबर काढा. खरा बिघाड तिथेच होतो. बहिणीची पुढची फेरी गुरुवारी आहे. मी ती बुधवारी रात्रीच काढून बघणार!