विश्लेषण : शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर शेंगदाणाच उपाय कसा?

मुलुंड असो वा बोरिवली, मराठी घरात दाण्याचे कूट बंद करणे म्हणजे जवळपास स्वयंपाकच बदलणे. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, सगळ्यात ते असतेच. तरीही मुलाच्या रक्ततपासणीत ‘शेंगदाणा : पॉझिटिव्ह’ असा शेरा दिसला की ते लगेच बंद होते. हा निर्णय प्रत्येक वेळी योग्य नसतो. त्याचे कारण आतड्यात दडले आहे.

आतडे अन्नाला शत्रू का मानत नाही?

अन्नातील प्रथिने शरीरासाठी परकीच. आतड्याच्या अस्तराखालील पेशी त्यांचे अंश जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात. तेथे ‘नियामक टी पेशी’ तयार होतात आणि इतर प्रतिकारक पेशींना आवरतात. या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. त्यांच्या जडणघडणीला आवश्यक ठरलेले फॉक्सपी३ जनुक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ओळखले. तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे जनुक सदोष असलेल्या बालकांत इसब आणि अन्नाची अ‍ॅलर्जीही आढळते. आवर सुटला की आयजीई प्रतिपिंडे बनतात; मग अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

लवकर खाऊ घातल्यास फायदा होतो?

होतो. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या बाळांवर झालेल्या ‘लीप’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. शेंगदाणा टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्के. अर्थात बाळाला अख्खा दाणा देऊ नये, तो घशात अडकतो. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अ‍ॅलर्जी जडल्यावर काय?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून ती वाढवत नेतात. अमेरिकेतील ‘इम्पॅक्ट’ चाचणीत (२०२२) एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी ७१ टक्के मुलांना उपचारानंतर शेंगदाणा सोसू लागला. मात्र २६ आठवडे तो बंद ठेवल्यावर ही सहनशीलता २१ टक्क्यांतच टिकली. म्हणजे शरीर सरावते, पण आतड्याचा कायमचा समेट होतोच असे नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजूर झालेले ओमालिझुमॅब आयजीईला अडवते. तेही कायमची सुटका करत नाही.

मग रक्ततपासणीचे काय?

दक्षिण भारतातील एका पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात अन्नाविरुद्ध आयजीई आढळले, पण अ‍ॅलर्जीची शक्यता होती फक्त १.२ टक्क्यांना. ‘फूड पॅनेल’मधील आयजीजी चाचणी तर बहुधा तो पदार्थ खाल्ल्याचीच खूण असते. त्यामुळे खाल्ल्यावर किती मिनिटांत काय झाले, हे डॉक्टर आधी विचारतात. शंका उरल्यास रुग्णालयात, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन पाहतात. ज्या मुलाला पूर्वी खरोखर त्रास झाला आहे, त्याच्यावर हा प्रयोग घरी करू नये.