लीड्सचा गजर, अरणगावचं मौन

१४ फेब्रुवारी १९७०च्या रात्री इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाची मैफलीची जागा झाली होती. मंचावर 'द हू' हा चौघांचा संच होता: गायक रॉजर डाल्ट्री, गिटारवर पीट टाउनशेंड, बेसवर जॉन एन्टविसल आणि ड्रमवर कीथ मून. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणातली सहा गाणी मे महिन्यात 'लाइव्ह ॲट लीड्स' या नावाने बाजारात आली. रॉक संगीताच्या थेट मैफलींच्या तबकड्यांमध्ये तिची गणना आजही पहिल्या काहींत होते. या तबकडीचा एक धागा मात्र थेट नगर–दौंड रस्त्यावरच्या अरणगावला येऊन पोहोचतो, आणि तो सहजी दिसत नाही. कारण तबकडी बनवताना तोच भाग बाहेर राहिला.

खाकी कागदातली तबकडी

त्या काळी चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या मैफलींच्या तबकड्या साध्या वेष्टनात विकल्या जात. 'द हू'ने मुद्दाम तोच थाट उचलला: खाकी रंगाचं वेष्टन आणि त्यावर रबरी शिक्क्यासारखं नाव. आत छायाचित्रं आणि जुन्या कागदपत्रांच्या प्रती होत्या. वुडस्टॉक महोत्सवाच्या कराराची प्रतही त्यातच. मुद्रणात खरखर होती. ती दुरुस्त करू नये, अशी सूचना तबकडीच्या लेबलावरच छापली गेली.

याआधी १९६९च्या अमेरिकेच्या दौऱ्यातल्या मैफलींचंही ध्वनिमुद्रण झालं होतं. त्या ढीगभर फिती ऐकत बसण्याचा टाउनशेंडला कंटाळा आला आणि त्याने त्या जाळून टाकायला सांगितलं, असं तो सांगत आला आहे. मग लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल या दोन गावांतल्या मैफली खास तबकडीसाठी ठरल्या. हलच्या सुरुवातीच्या गाण्यांत बेसचा आवाजच मुद्रित झाला नाही, त्यामुळे लीड्सची बाजू वरचढ ठरली.

त्या रात्रीचा मधला तास

तबकडीवर सहाच गाणी आली. मैफल मात्र दोन तासांहून लांब होती. तिच्या मधोमध 'टॉमी' हे संगीतनाट्य जवळजवळ पूर्ण, पन्नासहून अधिक मिनिटं वाजलं होतं. 'टॉमी' मे १९६९मध्ये दोन तबकड्यांच्या संचात नुकतंच आलेलं होतं. त्यातला मुलगा लहानपणी आरशात एक खून पाहतो. तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाही, असं घरचे त्याला बजावतात आणि तो आंधळा, बहिरा आणि मुका होतो. पुढे तो बरा होतो, लोक त्याला गुरू मानतात, आणि शेवटी तेच लोक त्याच्यावर उलटतात.

'टॉमी'च्या वेष्टनावरच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून एक नाव छापलं आहे: मेहेरबाबा.

पुण्याचे मेरवान, नगरचे मेहेरबाबा

मेरवान शहरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४चा, पुण्यातल्या इराणी झरतुष्ट्री कुटुंबातला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्यांची सूफी संत हजरत बाबाजान यांच्याशी भेट झाली. पुढे ते साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात राहिले. १९२३मध्ये अरणगावजवळची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणीची ओसाड जागा त्यांनी निवडली. तेच मेहेराबाद. दौंड–मनमाड लोहमार्ग या जागेचे दोन भाग करतो: खाली जुनी वस्ती आणि धुनी, वर टेकडीवर समाधी. समाधीची वास्तू बाबांच्या हयातीतच उभी राहिली. तिच्या आतल्या भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८मध्ये चित्रं काढली.

१० जुलै १९२५ रोजी बाबांनी इथेच मौन घेतलं आणि ते अखेरपर्यंत सोडलं नाही. १९५४पर्यंत ते अक्षरफलकावर बोट ठेवून बोलत, नंतर नुसत्या खुणांनी. ३१ जानेवारी १९६९ रोजी, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला त्यांचं देहावसान झालं. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ पाळलेलं मौन तसंच राहिलं. पहिली अमरतिथी, म्हणजे त्यांच्या देहावसानाचा स्मरणदिन, ३१ जानेवारी १९७०ची. त्यानंतर दोनच आठवड्यांनी लीड्सची मैफल झाली.

टाउनशेंडपर्यंत बाबा पोहोचले ते १९६७च्या सुमारास, माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राकडून. 'टॉमी'चं मुखपृष्ठही पुढे त्यानेच केलं. १९६७मध्येच अमेरिकेतल्या माँटेरीच्या संगीतमहोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या मादक द्रव्याने टाउनशेंड हादरून गेला होता. असल्या द्रव्यांतून ईश्वर भेटत नाही, असं बाबा १९६६पासून स्पष्ट सांगत होते. टाउनशेंडने ती द्रव्यं सोडली. 'टॉमी' आकार घेत होतं ते याच दिवसांत.

भारत ऐकू का येत नाही?

साठच्या दशकातल्या रॉकवर भारताचा प्रभाव म्हटला की जॉर्ज हॅरिसनची सतार आणि बीटल्सचं ऋषिकेश आठवतं. लीड्सच्या मुद्रणात सतार नाही, तबला नाही, आपल्या रागदारीची छटाही नाही. उलट 'द हू'ची ख्याती कानठळ्यांची: १९७६मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर त्यांच्या मैफलीचा आवाज बत्तीस मीटरांवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात गेला.

प्रभाव शोधायचा तो रचनेत. 'माय जनरेशन' हे मुळात सव्वातीन मिनिटांचं गाणं लीड्सला जवळजवळ पंधरा मिनिटं चाललं. कीर्तनकार मूळ पद सोडून दुसऱ्या अभंगात शिरतो, तिसऱ्याला स्पर्श करतो आणि पुन्हा पदावर येतो, तशी ही फेरी आहे. तिच्यात 'टॉमी'मधली शेवटची विनवणी आणि वाद्यांचा एक तुकडा मध्येच उमटतो. मंचासमोर बसलेल्यांनी थोड्याच वेळापूर्वी जवळजवळ सगळं 'टॉमी' ऐकलेलं होतं. त्यांना हे परतणं कळत होतं. सहा गाण्यांची तबकडी घेणाऱ्याच्या कानी मात्र संदर्भावाचून आलेली हाक पडली. १९९५च्या वाढीव आवृत्तीत 'टॉमी'चा थोडा भाग आला, आणि २००१मध्ये दोन डिस्कच्या आवृत्तीत त्या रात्री वाजलेलं सगळं 'टॉमी' आलं. तेही दुसऱ्या डिस्कवर, मैफलीतल्या आपल्या जागेवर नाही.

याचा अर्थ टॉमी म्हणजे मेहेरबाबा, असा मात्र नव्हे. बाबांचं मौन स्वेच्छेने घेतलेलं होतं. टॉमीचं मुकेपण भीतीतून आलेलं आहे. नाटकाचा शेवट तर गुरूच्या नावाने उभ्या राहिलेल्या बाजारावरच बोट ठेवतो. आपल्याला नवा पंथ काढायचा नाही, असं बाबांनीही सांगितलं होतं. टाउनशेंडने बाबांचं चरित्र गाण्यात उतरवलं नाही. आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला त्यांच्या मौनाने जो प्रश्न घातला, तो त्याने नाट्यात मांडला: इंद्रियं बंद झालेल्या माणसाला आतून काय कळतं?

पुढे धागा उघड झाला. १९७१च्या 'बाबा ओ'रायली'च्या नावात मेहेरबाबा आणि अमेरिकी संगीतकार टेरी रायली असे दोघे आहेत. १९७२च्या सुरुवातीला टाउनशेंड स्वतः मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला आला. त्याच वर्षीच्या 'हू केम फर्स्ट' या तबकडीत त्याने बाबांची 'परवर्दिगार' प्रार्थना संगीतबद्ध केली.

म्हणून नगरकराने, आता अहिल्यानगरकराने, 'लाइव्ह ॲट लीड्स' ऐकायची तर २००१ची आवृत्ती घ्यावी आणि क्रम आपण लावावा: आधी पहिल्या डिस्कवरचं 'अ क्विक वन'पर्यंतचं सगळं, मग दुसरी डिस्क पूर्ण, आणि त्यानंतर पहिलीवरची उरलेली चार गाणी. तशी ती ऐकली की 'माय जनरेशन'मधली विनवणी कुठून आली, हे वेगळं सांगावं लागत नाही. शिर्डी, साकोरी, नेवासे यांच्या जोडीने या जिल्ह्याच्या भक्तिपरंपरेचा एक पत्ता लीड्सच्या भोजनगृहातही आहे, आणि तो आपल्या संगीतेतिहासात नोंदवायला हवा.