वार्ता, वही आणि वऱ्हाडचा कापूस

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेकडील सरकारने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकाशायरच्या गिरण्यांना ज्या प्रदेशातून बहुतांश कापूस मिळत असे तेथली वाटच बंद झाली, तेव्हा इंग्लंडची नजर साहजिकच मुंबईकडे वळली. आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला म्हणून एरवी ज्याची हेटाळणी होई, त्या हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. पुढल्या चार वर्षांत या एका जिनसेच्या वाढीव किमतीपोटी सुमारे आठ कोटी पौंडांचे द्रव्य मुंबईत आले, असा त्या काळच्या जाणकारांचा हिशेब आहे. ही संपत्ती कोणाकोणाच्या हाती गेली आणि त्यांच्याच हाती का गेली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते की त्या बाजारात कापसाइतकीच मोलाची आणखी एक जिन्नस होती. ती म्हणजे लिव्हरपूलच्या भावाची खबर.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तोपर्यंत विलायतेची डाक आगबोटीने मिसरपर्यंत, तेथून रेल्वेने सुएझला आणि पुन्हा आगबोटीने मुंबईला येई, आणि या प्रवासात तीन-चार आठवडे सहज जात. म्हणजे मुंबईचा व्यापारी आज ज्या भावाने सौदा करी, तो भाव लिव्हरपूलमध्ये जवळजवळ महिनाभर शिळा झालेला असे. आणि डाक ज्या दिवशी उतरे त्या दिवशी ज्याच्या हाती ती दोन घटका आधी पडे, त्याला त्या दोन घटकांत महिनाभराच्या अज्ञानाचा लाभ उठवता येई. प्रेमचंद रायचंद या सुरतेच्या दलालाने हे अंतर नेमके हेरले होते. विलायतेची आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच त्याची होडी समुद्रात पुढे जाऊन तिला गाठी आणि भावाची वार्ता घेऊन परते, असे त्याच्याविषयी सांगतात.

ही होडी लोकांच्या स्मरणात राहिली, कारण ती डोळ्यांपुढे उभी राहते. माझ्या मते मात्र प्रेमचंदाच्या यशाचे रहस्य होडीत थोडे आणि होडीच्या आगेमागे असलेल्या व्यवस्थेत फार मोठे होते. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा तो मुंबईतील पहिला एतद्देशीय दलाल मानला जातो. त्यामुळे आलेले पत्र दुसऱ्याकडून समजावून घेण्यात त्याचा वेळ जात नसे. एका बाजूस युरोपीय कंपन्यांच्या साहेबांशी आणि दुसऱ्या बाजूस देशी पेढ्यांशी त्याचा घरोबा असल्याने कोणाजवळ किती माल पडून आहे, कोणास पैशाची निकड आहे आणि कोण भाव वाढण्याची वाट पाहत आहे, हे त्याला आधीच ठाऊक असे. लिव्हरपूलचा भाव या माहितीच्या शेजारी ठेवला म्हणजेच त्यातून खरेदी करावी की विक्री, याचा निर्णय निघे. सुटी बातमी कितीही लवकर आली तरी ती जेथे नेऊन बसवायची ते खण आधीच तयार नसतील, तर तिचा व्यापाराला काडीइतकाही उपयोग होत नाही. आजच्या मोठमोठ्या कंपन्या संगणकांवर कोट्यवधी नोंदी साठवतात आणि तरीही गोंधळतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

असे असूनही हा माणूस १८६५ साली बुडाला. त्या वर्षी ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्रे खाली ठेवली. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे उघड झाले आणि ती वार्ता मुंबईस पोहोचताच भाव कोसळू लागले. तोवर कापसातून आलेला पैसा नाना कंपन्यांच्या भागांत गुंतला होता. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेल्याची नोंद आहे. या भागांचे वायद्याने झालेले व्यवहार १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते, आणि त्या दिवशी पैसे कोणाजवळच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेने अशा भागांच्या तारणावर, कित्येकदा नुसत्या व्यक्तिगत भरवशावर, कर्जे दिली होती. पुढे तिचे दिवाळे निघाले आणि १८६८ मध्ये तिच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. या प्रकरणाचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते ते एवढ्याचसाठी की यात अज्ञान कोठेच नव्हते. अमेरिकेतील युद्ध कधीतरी संपणार हे प्रत्येक दलाल जाणत होता, आणि बँकेने कोणास किती रक्कम दिली हे बँकेच्याच खतावणीत लिहिलेले होते. ज्या आकड्यांनी सावध करायचे ते आकडे दफ्तरात होते; ते वाचून स्वतःच्या लोभाविरुद्ध निर्णय घेण्याची तयारी मात्र नव्हती. ज्याच्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला, तो प्रेमचंद मोठ्या मनाचा पुरुष होता यात शंका नाही. पण बाजारात सर्वांत आधी कळणे आणि कळलेले मानणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे.

याच सुमारास होडीचे महत्त्वही संपत आले. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून विलायतेशी तारेचा संबंध जुळला. तो मार्ग रेंगाळणारा होता आणि इंग्रजी न जाणणाऱ्या तारबाबूंच्या हातून मजकुराची मोडतोड फार होई. १८७० मध्ये एडनमार्गे समुद्राखालून थेट मुंबईपर्यंत तार आली, आणि आठवड्यांचे अंतर तासांवर आले. आता लिव्हरपूलचा भाव सर्वच मोठ्या पेढ्यांना जवळजवळ एकाच वेळी कळू लागला. तारेचा दर शब्दागणिक आणि भारी असल्याने व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दकोश वापरात आणले. एका शब्दात संपूर्ण वाक्य सामावे, पैसा वाचे आणि वाटेतल्या कारकुनास अर्थही लागत नसे. तथापि अशा युक्त्यांनी मिळणारी आघाडी अल्पजीवी होती, कारण तसेच कोश शेजारच्या पेढीलाही विकत मिळत.

मग पुढे जाण्याचा मार्ग कोणता उरला? ज्या पेढ्यांना हे आधी उमगले त्या बंदराकडे पाठ फिरवून मुलखात शिरल्या. विंटरथूर आणि मुंबई या दोन ठिकाणी १८५१ साली एकाच वेळी सुरू झालेली व्होलकार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी त्यांपैकी एक होय. टाटांच्या भागीदारीत १९५४ साली जी व्होल्टास निघाली, तिच्या नावात या पेढीची खूण आजही आहे. खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली तेव्हा तिच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होते, एवढे त्या वऱ्हाडी बाजाराचे महत्त्व वाढले होते, आणि तेथे व्होलकार्टसारख्या पेढ्यांनी आपले खरेदीदार बसवले. इकडे सरकारनेही मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी कॉटन कमिशनर नेमून पेरा, वाण आणि वाहतूक यांचा तपशील गोळा करण्यास आरंभ केला होता.

मुलखातल्या या खरेदीदाराचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तो ढिगातून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनींत धरून ओढतो, अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर ठेवून पुन्हा ओढतो, आणि असे पाचसात वेळा केल्यावर सरळ झालेल्या तंतूंची लांबी नखावर जोखतो. मग रंग, कचरा, ओल. कोणत्या गावचा माल कोणत्या महिन्यात कसा येतो, शंभर किलो कापसामागे सरकी काढून रुई किती उतरते, कोणता अडत्या ओला माल दडपतो, हे सारे वर्षानुवर्षे पेढीच्या वहीत चढत राहते. भाव तारेने सर्वांना कळतो. ही वही मात्र तारेने कोणास पाठवता येत नाही आणि पैसे टाकून एका हंगामात उभीही करता येत नाही. परदेशातला गिरणीवाला गठाण न उघडता तिच्यावरील पेढीच्या छापावर विश्वास ठेवी, तो या वहीच्या बळावर.

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी होता. त्याच्यादेखत रुमालाखाली बोटे दाबून त्याच्याच मालाचा भाव ठरे आणि तो त्याला शेवटी कळे. हा अन्याय इतका ढळढळीत होता की नियंत्रित बाजाराची आपल्या देशातली पहिली उदाहरणे याच मुलखात सापडतात: कारंजा येथील बाजार १८८६ चा, आणि वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसंबंधीचा कायदा १८९७ चा. उघड लिलाव, ठरलेले वजन, ठरलेली अडत यांचा आग्रह धरणारी ही परंपरा पुढे बाजार समित्यांपर्यंत आली.

उघड भाव देणे व्यापाऱ्याच्या तोट्याचेच असते, ही समजूत मात्र खरी नाही. आयटीसी कंपनीने २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केले. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला आणि उद्या आपण कोणत्या भावाने घेऊ ते आदल्या दिवशी जाहीर करण्याची प्रथा घातली. शेतकऱ्याने माल कंपनीलाच विकावा अशी सक्ती नव्हती. तो मंडीत जाण्यास मोकळा होता. भावाची वार्ता अशी वाटून टाकूनही कंपनी फायद्यात राहिली, कारण मधली दलाली वाचली, आणि कोणत्या गावात कसला माल किती आहे याचे ज्ञान तिच्याकडे थेट येऊ लागले.

आज यवतमाळच्या कापूस उत्पादकाच्या खिशात फोन आहे आणि परगावच्या बाजारातला दर त्याला बसल्या जागी दिसतो. प्रेमचंदाची होडी जणू प्रत्येकाच्या हाती आली आहे. तरीही तो विकतो तो कापूस, आणि जिनिंगवाला हिशेब करतो तो रुईचा. क्विंटलमागे उतारा अडतीस टक्के पडला की चौतीस, हे जिनिंगच्या वहीत लिहिले जाते आणि ज्याच्या शेतात तो कापूस बोंडांतून फुटला त्याला बहुधा कधीच कळत नाही. कोणते वाण, कोणती वेचणी, कोणत्या शेताचा कोणता तुकडा अधिक रुई देतो हे ठाऊक नसेल, तर दराची घासाघीस तो कशाच्या आधारावर करणार? जेथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भाडे भरून आपला कापूस जिनिंगमधून काढून घेतला आणि रुई व सरकी वेगवेगळी विकली, तेथे हा आकडा प्रथमच त्यांच्या हाती येतो. तो नावनिशीवार, वेचणीगणिक लिहून ठेवला तर दुसऱ्या हंगामाच्या आरंभी खरेदीदारासमोर मांडायला त्यांच्याजवळही स्वतःचा असा कागद असेल.