चिखलातला ट्रॅक्टर आणि पायाखालचा लॉक

पावसाळ्यात पनवेल परिसरातील खाचरांत चिखलणी सुरू झाली की आमच्या अपघात विभागात चिखलाने माखलेले रुग्ण येऊ लागतात. एका वर्षी चाळिशीचा शेतकरी आला. बांधालगत रुतलेला मिनी ट्रॅक्टर त्याने ‘डिफरन्शियल लॉक’ दाबून बाहेर काढला. पण पाय पेडलवरच राहिला. वळण्यासाठी स्टिअरिंग फिरवले, तरी ट्रॅक्टर सरळ जाऊन बांधावर चढला आणि कलंडला. त्याची मांडी जवळजवळ दोन तास मडगार्डखाली दबून राहिली.

‘‘डॉक्टर, नशीब थोर, हाड मोडलं नाही,’’ भाऊ म्हणाला. माझे लक्ष मात्र लघवीच्या पिशवीकडे होते. रंग कोऱ्या चहासारखा होता.

आधी लॉकविषयी. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शियलमुळे दोन्ही मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. पण एक चाक चिखलात घसरले की तेच गरगरत राहते आणि दुसरे उभे राहते. लॉक दोन्ही चाके एकत्र जखडतो. म्हणूनच तो लागलेला असताना ट्रॅक्टर नीट वळत नाही, एका बाजूचा ब्रेक दाबूनही नाही.

म्हणून पुढची चाके सरळ ठेवा. चाक जोरात फिरत असताना लॉक लावू नका. क्लच दाबून चाके थांबू द्या, मग पेडल दाबा आणि कमी गिअरमध्ये सावकाश पुढे जा. बाहेर पडताच पाय काढा. लॉक सुटला याची खात्री झाल्यावरच वळा. सुटत नसेल तर थांबून क्लच दाबा. रस्त्यावर आणि उतारावर लॉक वापरू नका.

दुसरा धोका अधिक जीवघेणा. दोन्ही चाके घट्ट रुतलेली असताना जोर दिला, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या अक्षाभोवती उचलले जाते. चाकांना फळी किंवा ओंडका बांधला तर हा धोका वाढतो. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. अशा वेळी चाकांमागचा चिखल काढून रिव्हर्समध्ये बाहेर या. नाहीच जमले, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या.

स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे खूप घटले. चौकट असेल तर सीटबेल्ट लावाच. चौकट नसेल तर लावू नका.

आता त्या लघवीच्या रंगाविषयी. स्नायू बराच वेळ दबले की त्यांच्या पेशी फुटतात. वजन निघताच आतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. पहिल्याने हृदय थांबू शकते, दुसऱ्याने मूत्रपिंड निकामी होते. 1941 मध्ये लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले.

कुणी अडकलाच, तर आधी इंजिन बंद करा आणि 108 ला फोन करा. ट्रॅक्टर आणखी कलंडू नये म्हणून दगड-ओंडक्यांचा टेकू द्या. छाती किंवा पोट दबले असेल तर थांबू नका, वजन लगेच उचला. श्वास काही मिनिटांतच संपतो. हात-पाय नुकताच अडकला असेल तरीही लगेच सोडवा, पण हिसका देऊन ओढू नका. तासाहून अधिक वेळ झाला असेल, तर 108 च्या डॉक्टरांना विचारून वजन काढा; तेव्हा आधी सलाईन सुरू करणे हिताचे असते. किती वेळ दबला होता, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

आमच्या रुग्णाला काही दिवस डायलिसिस लागले. मूत्रपिंडे सावरली, तो चालत घरी गेला. पुढच्या वर्षी तपासणीला आला तेव्हा म्हणाला, ‘‘आता पोराला पहिलं शिकवलं ते पाय काढायला.’’